घंटा न वाजलेली दीड वर्षे : शहापूर-मुरबाडच्या किशोरांनी टाळेबंदीत काय गमावले, काय कमावले

दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च २०२० रोजी होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. त्या वर्षीच्या मुलांना इतर विषयांच्या सरासरीवर भूगोलाचे गुण मिळाले. त्यांच्या मागच्या वर्गाचे तर पूर्ण गणितच बदलले. मार्च २०२० मध्ये नववीत असलेल्या या मुलांची वार्षिक परीक्षा झाली नाही, दहावीचे बहुतेक वर्ष घरात गेले आणि २०२१ मध्ये बोर्डाची परीक्षाही रद्द झाली. नववीचे गुण, अंतर्गत मूल्यमापन आणि तोंडी-प्रात्यक्षिक यांवरून निकाल लागला तो ९९.९५ टक्के. या आकड्यावर भरपूर विनोद झाले. 'कोरोना बॅच' हे नाव या मुलांना तेव्हापासून चिकटले आहे. गोदामात काम मागायला गेले की मुकादमही विचारतो, "परीक्षा देऊन पास की कोरोनात पास?"

आज ही मुले विशीत आली आहेत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत काम करताना ती आम्हाला रोज भेटतात. कोणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणी भिवंडीच्या गोदामात आहे, कोणाच्या कडेवर मूल आहे. 'ती मुले दीड वर्ष घरात बसून होती' असे सर्रास म्हटले जाते. पण त्यांच्याशी निवांत बोलले की कळते, बसायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. त्यांचा दिवस कसा जात होता, त्यातून काही मुले उभी कशी राहिली आणि काही का मागे पडली, हे आपल्या युवकांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवे. कारण ही गोष्ट टाळेबंदीबरोबर संपलेली नाही.

दोन तालुके, दोन रस्ते

शहापूर तालुका कसारा लोकलच्या मार्गावर आहे. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके आणि शेजारून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग यांवर इथली रोजी चालते. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हीच मुरबाडची नाळ. दोन्ही तालुक्यांत पावसाळ्यात भात पिकते, पण रोख पैसा येतो तो कल्याण, भिवंडी, ठाणे, मुंबईतून : गोदामातील हमाली, कारखान्यातील कंत्राटी काम, बांधकाम, घरकाम, भाजीविक्री. कातकरी कुटुंबे तर दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात.

२२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर लोकल थांबली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. जूनच्या मध्यात लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळेत प्रवास करता आला तो १ फेब्रुवारी २०२१ पासून. म्हणजे गोदाम उघडले तरी तिथपर्यंत जायचे कसे, हा प्रश्न कायम होता. हातावर पोट असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पंधरा वर्षांच्या मुलामुलीचा दिवस या घरात उगवत होता.

पहिला तास पाण्याचा

भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीचा तळ खरवडून हंडा भरावा लागतो. २०२० च्या उन्हाळ्यात फोनवर कोणालाही कॉल लावला की आधी हात धुण्याची सूचना ऐकू यायची. प्रत्येक वेळी वीस सेकंद हात धुवायचे तर ते पाणी आणायचे कोणी? शहरात गेलेले काका, भाऊ, चुलत भावंडे घरी परतली होती. माणसे वाढली तशा खेपाही वाढल्या, आणि त्या बहुतेक मुलींच्या डोक्यावर आल्या.

एरवी मुलगी सकाळी सहाला पाणी भरून साडेदहाला शाळेत पोहोचायची. शाळा ही घरकामापासून मिळालेली हक्काची सहा तासांची सुटका होती. ती सुटका गेली. "शाळा बंद झाल्यावर मला कळले की शाळा मला अभ्यासापेक्षा जास्त काहीतरी देत होती," असे मुरबाडच्या एका मुलीने आम्हाला सांगितले. मैत्रिणी, मोकळे हसणे, मधल्या सुट्टीतील पोषण आहार, पाळीच्या दिवसांत विश्वासाने बोलता येईल अशा एखाद्या बाई. यातले काहीच पीडीएफमधून येत नाही.

मुलांचा दिवस वेगळ्या अर्थाने अवघड होता. त्यांच्याकडे वेळ होता आणि त्या वेळेला आकार नव्हता. दुपारी झाडाखाली पत्ते, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर गेम. टाळेबंदी सैल झाली तशी कमाईची हाक आली. दिवसाला तीन-चारशे रुपये हातात पडू लागले की पुस्तक उघडणे अवघड होते. घराला तो पैसा खरोखर लागत होता, त्यामुळे आईवडिलांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

फोन कोणाच्या हातात

राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत व्हॉट्सॲपवरून रोजचा अभ्यास पाठवायला सुरुवात केली. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून 'टिलीमिली' मालिका आली. पण ती पहिली ते आठवीसाठी होती. नववी-दहावीच्या मुलांना फोन लागणारच होता.

'असर'च्या २०२० च्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण शाळकरी मुलांच्या घरांपैकी सुमारे ६२ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. आकडा वाढला हे खरे. पण घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हातात असणे यांत फरक आहे. फोन आधी वडिलांचा, मग मोठ्या भावाचा. घरात तीन शिकणारी मुले असतील तर फोन दहावीतल्या मुलाला मिळतो, दहावीतल्या मुलीला त्याच्या नंतर. त्यात रिचार्ज संपलेला असतो. रेंज पाहिजे तर टेकाडावर जायचे, आणि मुलीने एकटीने टेकाडावर जायचे नाही.

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजले होते. मोठ्या घोषणा आणि पाड्यावरची रेंज यांतले अंतर त्या तालुक्यातल्या मुलांना २०२० च्या आधीपासून ठाऊक आहे.

वेशीवरचे 'अंतर'

एप्रिल-मे मध्ये अनेक गावांनी वेशीवर बांबू आणि दगड टाकून रस्ते अडवले. मुंबई-ठाण्याहून परतलेल्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवले जाई. ज्या वर्गात आपण बेरीज शिकलो त्याच वर्गात एखादा मुलगा सतरंजी टाकून चौदा दिवस राहिला. घरून डबा यायचा, पण तो फाटकाबाहेर ठेवून देणारा माणूस मागे सरकून उभा राहायचा. हा मुलगा निरोगी होता. बाहेर आल्यावरही त्याला किराणा दुकानात 'लांब उभा राहा' असे ऐकावे लागले. संसर्ग टाळण्यासाठी ठरलेले अंतर सगळ्यांसाठी सारखे असते. हे तसे नव्हते.

तेव्हा 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. आपल्या समाजाने त्यावर आक्षेप घेतला तो उगाच नाही. पाणी लांबून ओतणे, वस्तू वरून टाकणे, स्पर्श टाळणे हे सगळे आपल्या आजी-आजोबांनी कुठल्याही विषाणूविना भोगलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरायला सुरुवात केली होती. शरीरे लांब ठेवायची, माणसे नाही, इतका साधा त्याचा अर्थ. पुण्यातील प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीमाईंनी प्राण सोडला. साथीत माणसाजवळ जाण्याची परंपरा आपल्याकडे आहे, हे त्या दिवसांत किशोरांना सांगणारे कोणी असणे फार गरजेचे होते.

काहींनी ते प्रत्यक्ष पाहिलेही. मुंबई-नाशिक महामार्गावरून उत्तरेकडे पायी निघालेले मजूर कसाऱ्याचा घाट चढत होते. पायांना फोड, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरे. रस्त्यालगतच्या गावांतील तरुणांनी त्यांना पाणी दिले, खिचडी दिली. त्यांच्याबरोबर भांडी उचलणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलेही होती. समाजशास्त्राच्या वर्गात स्थलांतर हा आम्ही एक धडा म्हणून शिकलो. या मुलांनी तो रस्त्यावर, वाहणाऱ्या पायांसह पाहिला. त्यांतील एक जण आज समाजकार्याचे शिक्षण घेतो आहे.

कोण वाढले आणि का

'टाळेबंदीने आम्हाला खूप काही शिकवले' असे वाक्य भाषणांत छान वाटते. प्रत्यक्षात टाळेबंदीने कोणालाही काही शिकवले नाही. त्याच गावात, तशाच घरात, तशाच गरिबीत एक मुलगी वाढली आणि दुसरी कोमेजली. फरक कशाने पडला, हे आम्ही बऱ्याच मुलांशी बोलून शोधत आलो आहोत. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात : बसायला एक जागा, ठरलेली एक वेळ आणि 'आज का आली नाहीस' असे विचारणारे एक माणूस.

वासिंदच्या बाजूला एका वस्तीत दहावीतली एक मुलगी विहाराच्या ओट्यावर रोज सायंकाळी पाच वाजता लहान मुलांना घेऊन बसू लागली. सुरुवात तिच्या धाकट्या भावापासून झाली. मुले अंतर ठेवून बसत, तोंडाला रुमाल बांधत. पहिल्या आठवड्यात चार होती, पावसाळ्यापर्यंत चौदा झाली. तिला शिकवण्यासाठी आधी स्वतःला अपूर्णांक नीट समजून घ्यावे लागले. सातवीत जे कळले नव्हते ते तिला दहावीत, दुसऱ्याला समजावताना कळले. वस्तीतील एक निवृत्त शिक्षक लांब खुर्ची टाकून बसायचे आणि ती अडली की सांगायचे. बाकी त्यांनी फारसे काही केले नाही. पण पाच वाजता ते येऊन बसायचे, हेच मोठे होते.

मुरबाडमधील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली होती. गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेतलेल्या आज्यांची छायाचित्रे जगभर गेली. टाळेबंदीत अनेक घरांत त्याच्या दोन्ही बाजू घडल्या. नातीने आजीला सही करायला शिकवले. आजीने नातीला जूनमध्ये उगवणारी शेवळे ओळखायला शिकवले आणि त्यांची खाज काकडाने कशी मारायची तेही. भाजीबाजार बंद असताना रानभाजीने कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. पुस्तकात नसलेले हे ज्ञान आपल्या घरात आहे, हे कळणेही व्यक्तिमत्त्वाची वाढच आहे.

जुलैमध्ये लावणी आली. एरवी रविवारीच शेतात दिसणारी मुले पूर्ण हंगाम चिखलात उभी राहिली. राब खणण्यापासून शेवटच्या आवणापर्यंत सगळे त्यांनी केले. 'आईची कंबर का दुखते ते मला त्या वर्षी कळले' हे एका मुलाचे वाक्य आम्ही विसरलो नाही. तो आज स्वतःचे ताट स्वतः घासतो. समतेवरच्या दहा व्याख्यानांतून जे होत नाही ते कधीकधी एका हंगामात होते.

वर्षावास आणि टाळेबंदी

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका ठिकाणी राहायचे, ही वर्षावासाची परंपरा आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळी पिके आणि बारीक जीव चिरडतात, अशी लोकांची तक्रार आली आणि तथागतांनी हा नियम केला. म्हणजे दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून स्वतःचे फिरणे थांबवायचे. विलगीकरणामागचे तत्त्वही हेच आहे.

मग वर्षावासात माणूस वाढतो आणि टाळेबंदीत का घुसमटतो? वर्षावासात दिवसाला घडी असते : अध्ययन, ध्यान, चर्चा. सोबत संघ असतो. आणि शेवटी पवारणा असते, ज्यात प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करतो की माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला असेल तर सांगा. घडी, सोबत आणि विचारपूस या तिन्ही गोष्टी टाळेबंदीत एकदम नाहीशा झाल्या. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये मांडले होते की रोजच्या जगण्याचे नियम अचानक ढासळले की माणूस दिशाहीन होतो. या स्थितीला त्यांनी 'ॲनोमी' म्हटले. पंधराव्या वर्षी, जेव्हा मन आधीच अस्थिर असते, तेव्हा हे ढासळणे अधिक खोल लागते.

म्हणूनच ५ जुलै २०२० च्या आषाढ पौर्णिमेपासून ज्या वस्त्यांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन फोनवर कॉन्फरन्स लावून चालू राहिले, तिथे मुलांना एक खुंटी मिळाली. रोज एकाने दोन पाने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचे, शेवटी एकाने प्रश्न विचारायचा. १४ एप्रिलची जयंती आणि ७ मेची बुद्ध पौर्णिमा घरात साजरी केलेल्या मुलांना पहिल्यांदाच डीजे आणि मिरवणुकीविना बाबासाहेबांविषयी विचार करायला वेळ मिळाला, असेही काहींनी सांगितले.

खुद्द बाबासाहेबांचे किशोरवय आठवा. परळच्या चाळीतील गर्दीच्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. रामजीबाबा त्यांना रात्री लवकर झोपवत आणि दोन वाजता उठवत : ती वेळ. चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत : ती जागा. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींचे त्यांच्याकडे लक्ष गेले, त्यांनी विचारपूस केली, पुढे स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले : ते माणूस. प्रज्ञा बाबासाहेबांची होती, पण तिला आधार देणाऱ्या या तीन गोष्टी होत्या.

जे परत आलेच नाहीत

४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यात ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग भरले. तेव्हा काही बाके रिकामी राहिली. आश्रमशाळेतून मार्च २०२० मध्ये घरी पाठवलेली काही मुले आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. काही मुलगे कामाला चिकटले होते. काही मुलींची लग्ने झाली होती. टाळेबंदीत लग्न कमी खर्चात, पन्नास माणसांत उरकता येत होते. घरात एक तोंड कमी होईल असा हिशोबही होता.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. म्हणजे पाचातली एक. हा प्रश्न साथीच्या आधीही होता. शाळा बंद झाल्याने त्याच्यावर लक्ष ठेवणारे शिक्षकांचे डोळे तेवढे बाजूला झाले.

या मुली आणि हे मुलगे कमी पडले असे म्हणणे अन्याय आहे. त्यांच्या वाट्याला ना जागा आली, ना वेळ, ना विचारणारे माणूस. व्यक्तिमत्त्व विकास हा शब्द आपण शिबिरांच्या फलकावर लिहितो तेव्हा तो एकट्याच्या जिद्दीचा विषय वाटतो. शहापूर-मुरबाडच्या मुलांनी दाखवून दिले की जिद्द बहुतेकांकडे असते, आधार मोजक्यांनाच मिळतो.

आता काय करायचे

पहिले काम यादीचे. आपल्या वस्तीत २०२० मध्ये आठवी ते बारावीत कोण होते आणि आज ते काय करतात, हे एका रविवारी लिहून काढता येते. ज्यांची शाळा सुटली त्यांना खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येते. त्यासाठी १७ नंबरचा अर्ज असतो. दाखला हरवला, आधारवर नाव चुकले, जातीचे प्रमाणपत्र नाही, अशा अडचणींत हात धरायला कोणी लागते. पुढे शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिची माहिती विहाराच्या फळ्यावर लिहिलेली असावी.

दुसरे काम विहाराच्या कुलुपाचे. कित्येक गावांत विहार पौर्णिमेला आणि जयंतीला उघडतो. तो रोज सायंकाळी दोन तास उघडा ठेवायचा. एक दिवा, एक फळा, चार चटया पुरतात. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे आणि कोणी एका प्रौढाने फक्त तिथे येऊन बसायचे. शेजारच्या कातकरीवाडीतली मुलेही यायला हवीत. आपल्या विहाराला वेस नको.

तिसरे काम लक्ष ठेवण्याचे. अल्पवयीन मुलीचे लग्न ठरल्याचे कानावर आले तर ग्रामसेवक हेच गावातील बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, हे लक्षात ठेवा. १०९८ या क्रमांकावर नाव न सांगताही कळवता येते. पण त्याआधी त्या घरी जाऊन आईशी बोला. बहुतेक वेळा कायद्याआधी पैशांची आणि बदनामीची भीती समोर येते.

आणि 'कोरोना बॅच' हा टोमणा आपल्या तोंडून तरी जाऊ नये. त्या मुलांनी बोर्डाचा पेपर दिला नाही हे खरे. त्यांनी पाणी भरले, लावणी केली, भावंडांना शिकवले, वर्गात चौदा दिवस एकटे काढले, घरातली उपासमार पाहिली. पुढची साथ, पूर किंवा दुष्काळ कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा पंधरा वर्षांचे असणारे मूल आज आपल्या वस्तीत पहिली-दुसरीत शिकत असेल. त्याच्यासाठी विहाराचे दार आत्ताच उघडे राहू द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.